बोंड भुंग्यावर कीटक वाढ नियंत्रकांची चाचणी: मेलेले भुंगे मोजू नका, न उबलेली अंडी मोजा

नेहमीच्या कीटकनाशकाची चाचणी सरळ असते. भुंग्याला औषध लावायचे, डबीत सोडायचे आणि ४८ तासांनी तो मेला की जगला ते बघायचे. हीच रीत कीटक वाढ नियंत्रकांना, म्हणजे किडीला थेट न मारता तिची वाढ किंवा अंडी बिघडवणाऱ्या औषधांना लावली, तर तिसऱ्या दिवशीही सगळे भुंगे डबीत टुणटुणीत फिरत असतात आणि नवखा माणूस वहीत ‘परिणाम शून्य’ लिहून मोकळा होतो. औषधाने तोवर आपले काम सुरू केलेले असते, पण ते दिसते मादीने घातलेल्या अंड्यांत. म्हणून ही चाचणी पहिल्या दिवसापासून अंड्यांभोवती रचावी लागते. कोणती मादी, किती वयाची, कोणत्या दिवशी घातलेले अंडे आणि ते का उबले नाही, या चार प्रश्नांची उत्तरे वहीत असली तरच निकालाला अर्थ राहतो.

कीड कोणती, ते आधी नीट समजून घ्या

इथे बोलतो आहोत ते कपाशीच्या बोंड भुंग्याबद्दल, म्हणजे अँथोनोमस ग्रँडिसबद्दल. बोंडअळी ही पतंगाची अळी. हा सोंडेवाला भुंगा आहे आणि तो अमेरिका खंडातला आहे. मेक्सिकोतून तो १८९२ च्या सुमारास टेक्सासमधल्या ब्राऊन्सव्हिल भागात शिरला आणि पुढच्या तीसेक वर्षांत अमेरिकेचा जवळजवळ सगळा कापूस पट्टा त्याने व्यापला. आज तिथे तो टेक्सासच्या दक्षिण टोकाला रिओ ग्रँडे खोऱ्यापुरता उरला आहे. ब्राझीलमध्ये १९८३ मध्ये साओ पावलो राज्यात तो सापडला आणि अजूनही तिथल्या कपाशीची सर्वांत मोठी डोकेदुखी आहे. भारतात ही कीड नाही. जिथे ती नाही तिथे जिवंत भुंगे, अंडी किंवा कोष आणण्याचा विचारही करू नये.

प्रौढ भुंगा सोंडेसकट साधारण ६ मिलिमीटर लांब, करडा ते तांबूस तपकिरी. पुढच्या पायाच्या मांडीवर दोन काटे असतात. दिसायला अगदी सारखे असे दुसरे सोंडकिडे सापळ्यात येतात, त्यामुळे ही खूण भिंगाखाली बघितल्याशिवाय भुंगा चाचणीत घेऊ नका.

मादी सोंडेने पाते, म्हणजे कपाशीची न उमललेली कळी, कोरते, आत एक अंडे ठेवते आणि भोक चिकट विष्ठेने बुजवते. त्या जागी बारीक चामखिळीसारखा उंचवटा दिसतो. नुसते खाण्यासाठी केलेले भोक उघडे असते आणि त्याच्या तोंडाशी बऱ्याचदा पिवळसर परागांची पूड दिसते. हा फरक डोळ्यांत बसेपर्यंत किमान १०० पाती फोडून बघा. पुढची सगळी मोजणी त्यावर उभी आहे. अंडे ३ ते ५ दिवसांत उबते, अळी पात्यातच तीन अवस्था पूर्ण करते, तिथेच कोष होतो आणि एकूण तीनेक आठवड्यांत नवा भुंगा बाहेर पडतो. मधल्या काळात पात्याची हिरवी झालर उघडी पडते, पाते पिवळे होऊन गळते.

म्हणजे अंडे, अळी आणि कोष या तिन्ही अवस्था पात्याच्या आत. वरून मारलेले औषध तिथे पोचत नाही. बाहेर असतो तो फक्त प्रौढ, आणि तो आता कात टाकणार नाही. कात टाकण्यात अडथळा आणणारे औषध प्रौढावर वापरून काय मिळणार, असे वाटणे साहजिक आहे. उत्तर असे: मादीने खाल्लेले औषध अंड्याच्या बलकात उतरते. १९७० च्या दशकात अमेरिकेत डायफ्लुबेन्झुरॉन हे ‘टीएच-६०४०’ या सांकेतिक नावाने या भुंग्यावर आजमावले गेले, तेव्हा आशा होती ती याच गुणाची.

कोणते औषध निवडाल

कीटक वाढ नियंत्रक हे एकच औषध नव्हे, त्यात वेगवेगळ्या तऱ्हेने काम करणारे गट आहेत आणि त्यातले निम्मे या भुंग्यासाठी निरुपयोगी आहेत.

बेंझॉइल युरिया गट (कीटकनाशकांच्या आयआरएसी वर्गीकरणातला गट १५) कायटिन, म्हणजे किडीच्या कातेचा मुख्य घटक, तयार होऊ देत नाही. डायफ्लुबेन्झुरॉन, ल्युफेन्युरॉन, नोव्हाल्युरॉन, टेफ्लुबेन्झुरॉन, ट्रायफ्ल्युम्युरॉन ही यातली नावे. सुरुवात इथूनच करा.

बाल संप्रेरकाची, म्हणजे किडीला अळीच्या अवस्थेत ठेवणाऱ्या संप्रेरकाची, नक्कल करणारी औषधे (गट ७) म्हणजे मेथोप्रीन, फेनॉक्सिकार्ब, पायरीप्रॉक्सिफेन. यांच्याबाबत एक मेख आहे. बोंड भुंग्याची हिवाळी सुप्तावस्था बाल संप्रेरकाच्या कमतरतेशी जोडलेली असते, आणि हेच संप्रेरक मादीत बलकाचे प्रथिन तयार करायला लावते. त्यामुळे प्रौढ मादीवर अशी औषधे वापरताना अंडी कमी होण्याऐवजी अंडाशय जागे होण्याचीही शक्यता धरून चाला आणि अंड्यांची संख्या व उबवण या दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवा.

टेब्युफेनोझाइड आणि मेथॉक्सिफेनोझाइड (गट १८) ही प्रामुख्याने पतंगवर्गीय अळ्यांवर चालतात, ब्युप्रोफेझिन रस शोषणाऱ्या किडींवर, सायरोमाझिन माशीवर्गावर. या भुंग्यासाठी त्यांच्यावर वेळ घालवू नका.

भुंगे: कुठून आणि कोणत्या वयाचे

हंगामाच्या सुरुवातीला शेतात गळून पडलेली, झालर उघडलेली पाती गोळा करा. जाळीच्या झाकणाच्या डब्यात, तळाशी किंचित ओलसर व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारे हलके खनिज) घालून २७ ± १ अंश सेल्सिअस, ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि १४ तास उजेड–१० तास अंधार अशा खोलीत ठेवा. दररोज सकाळी निघालेले भुंगे उचला. म्हणजे प्रत्येकाचे वय २४ तासांच्या फरकात कळते. याच पात्यांतून ब्रॅकॉन मेलिटरसारख्या परोपजीवी गांधीलमाशाही निघतात. त्या त्याच दिवशी काढल्या नाहीत तर उरलेल्या अळ्यांवर अंडी घालतात आणि पुढची पिढी कमी होते.

शरद ऋतूत शेतातून किंवा सापळ्यातून धरलेले प्रौढ चाचणीला घेऊ नका. त्यांतले बरेच सुप्तावस्थेकडे निघालेले असतात: पोटात चरबी भरलेली, अंडाशय आकसलेले. अशी मादी औषधाविनाही अंडी घालत नाही. शंका असेल तेव्हा दहा माद्या फोडून बघा. कवचधारी अंडी आठ-नऊ जणींत तरी दिसली पाहिजेत.

नर-मादी ओळखायला भुंगा थोडा गार करून पाठीवरचे कठीण पंख सुईने हलके उचला. नरात पोटाच्या टोकाला आठवे पृष्ठपट्ट वेगळे दिसते. मादीत ते सातव्याखाली झाकलेले असते. मादीची सोंड जास्त गुळगुळीत असते हे खरे, पण एवढ्यावरच भिस्त ठेवली तर दर डझनात एखादी चूक ठरलेली. जोडीत दोन नर निघाले की ती जोडी ‘औषधाने पूर्ण वंध्य’ म्हणून नोंदली जाते आणि सरासरी बिघडते. म्हणून चाचणी संपल्यावर प्रत्येक जोडी फोडून लिंग पुन्हा तपासा.

निघालेले नर आणि माद्या वेगळे ठेवून ताजी पाती खायला द्या. नुसती पाने किंवा मोठी बोंडे दिली तर अंडी लांबतात. पाचव्या-सहाव्या दिवशी जोड्या लावा.

पात्यांचा हिशोब आधी करा

बहुतेक चाचण्या औषधामुळे नाही, पात्यांच्या टंचाईमुळे फसतात. ६ ते ९ मिलिमीटर व्यासाची पाती मादीला अंड्यासाठी सर्वांत आवडतात. पाच मात्रा आणि दोन तुलना गट (औषध न दिलेले) म्हणजे सात गट; गटात १५ जोड्या म्हणजे १०५ जोड्या; जोडीला रोज ३ पाती म्हणजे दिवसाला ३१५ आणि १४ दिवसांना ४४१०. एवढी निर्मळ पाती देणारी झाडे तुमच्याकडे आहेत का? नसतील तर पहिल्या फेरीत तीनच मात्रा घ्या.

झाडे चाचणीसाठीच वाढवा. बियाण्याला इमिडाक्लोप्रिड किंवा थायोमेथोक्झामसारखे आंतरप्रवाही औषध चोळलेले असेल तर तो ढीग बाद करा. बीटी वाण चालतात. क्राय१एसी आणि क्राय२एबी ही प्रथिने पतंगवर्गीय अळ्यांसाठी आहेत, भुंग्याला त्यांचे काही वाटत नाही. पण एका चाचणीत एकच वाण ठेवा. तोडलेली पाती देठासकट ओलसर कागदात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या खणात ठेवा आणि तीन दिवसांत वापरा.

द्रावण तयार करणे

मात्रा नेहमी क्रियाशील घटकाच्या मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये लिहा. ‘एक मिली औषध’ असे लिहिलेली वही सहा महिन्यांनी तुम्हालाही वाचता येणार नाही.

उदाहरण: नोव्हाल्युरॉन १० टक्के प्रवाही म्हणजे लिटरला १०० ग्रॅम, म्हणजेच मिलीला १०० मिलिग्रॅम. त्यातले १ मिली घेऊन एकूण १०० मिली केले की १००० मिग्रॅ/लिटरचे मूळ द्रावण होते. यातले ३० मिली एकूण १०० मिली केले की ३००, १० मिलीला १००, ३ मिलीला ३० आणि १ मिलीला १० मिग्रॅ/लिटर. डायफ्लुबेन्झुरॉनची २५ टक्के पाण्यात मिसळणारी भुकटी असेल तर १००० मिग्रॅ/लिटरसाठी १०० मिलीला ४०० मिलिग्रॅम भुकटी. आधी दोन-चार मिली पाण्यात लगदा करा, मग वाढवा. एकदम पाण्यात टाकली तर गुठळ्या राहतात.

या मात्रा शेतातल्या फवारणीशी जुळतात का तेही बघा. हेक्टरी १०० ग्रॅम क्रियाशील घटक २०० लिटर पाण्यातून मारला तर टाकीतले प्रमाण ५०० मिग्रॅ/लिटर होते. तुमच्या मात्रा त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या हव्यात.

सगळ्या द्रावणांत, तुलना गटाच्या पाण्यातसुद्धा, ट्रायटन एक्स-१०० सारखे ओलावा पसरवणारे द्रव्य ०.०२ टक्के, म्हणजे लिटरला ०.२ मिली घाला. पात्यावर मेणचट थर असतो, नुसते पाणी थेंब होऊन ओघळते.

इथे एक गोष्ट विसरू नका. डायफ्लुबेन्झुरॉन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षाही कमी. चंचुपात्रात दिसते ते द्रावण नसून निलंबन आहे. दोन मिनिटे ठेवले की कण तळाला बसतात, पहिल्या पात्याला कमी आणि शेवटच्याला भरपूर औषध मिळते. चुंबकीय ढवळणी चालू ठेवूनच पाती बुडवा. द्रावण रोज ताजे करा आणि फार अल्कधर्मी पाणी टाळा. त्यात हे औषध हळूहळू मोडते.

मुख्य चाचणी: पात्यातून खाऊ घालणे

१. पात्याची झालर हाताने काढून टाका. झालर ठेवली तर तिच्या खाचेत थेंब साचतो आणि मात्रा पात्यागणिक बदलते.

२. देठ चिमट्यात धरून पाते १० सेकंद बुडवा, झटका, जाळीवर तासभर वाळू द्या. सुरुवात तुलना गटाच्या पाण्यापासून, मग कमी मात्रेकडून जास्तीकडे. उलट क्रमाने एकच चिमटा वापरला की तुलना गट बिघडलाच समजा.

३. हवेशीर झाकणाच्या डबीत एक जोडी, तीन पाती आणि ओल्या कापसाचा छोटा बोळा ठेवा. प्रत्येक डबीला फक्त क्रमांक द्या. कोणता क्रमांक कोणत्या गटाचा ही यादी मोजणी करणाऱ्याच्या हाती नको. ‘हे अंडे उबेल की नाही’ हे ठरवताना डोळे आपोआप अपेक्षेच्या बाजूला झुकतात.

४. पहिले ७२ तास औषध लावलेली पाती, रोज बदलून. चौथ्या दिवसापासून बिनऔषधाची पाती.

५. रोज काढलेली पाती दिवस आणि डबी क्रमांकासह वेगळी ठेवा. १० ते २० पट मोठे दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली बुजवलेली भोके शोधा, बारीक सुईने बूच उचला आणि परागकोशांच्या गर्दीतून अंडे ओल्या शून्य नंबरच्या कुंचल्याने उचला. अंडे मोत्यासारखे पांढरे, सुमारे ०.८ मिलिमीटर लांब असते. सुई लागलेले अंडे मोजणीतून काढून टाका, पण किती काढली ते लिहा.

६. अंडी काळ्या फिल्टर पेपरवर रांगेत मांडा. काळ्यावर पांढरे पटकन दिसते. कागद ०.२ टक्के मिथाइल पॅराबेनच्या पाण्याने ओला करा, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशीचा गालिचा पसरतो. कागद चमकेल इतके पाणी नको, अंडी गुदमरतात.

७. २७ अंशांवर ठेवून तिसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत रोज बघा. निघालेली अळी लगेच उचला, नाहीतर ती शेजारचे अंडे फस्त करते.

सहाव्या दिवशी न उबलेले प्रत्येक अंडे पुन्हा भिंगाखाली घ्या. चाचणीतला सर्वांत मोलाचा अर्धा तास हाच. कवचातून तपकिरी जबडे दिसत असतील, म्हणजे अळी पूर्ण घडली पण कवच फोडून बाहेर येता आले नाही, तर ती कायटिनरोधकाची सही आहे. अंडे एकसारखे दुधाळ किंवा पचकलेले आणि आत काहीच घडलेले नसेल, तर बहुधा ते फळलेलेच नाही. दोष मिलनाचा किंवा नराचा. आणि भ्रूण अर्धवट घडून काळा पडला असेल तर बुरशी, कोरडेपणा किंवा दुसऱ्याच औषधाचा अंश. ‘न उबलेली’ या एका खान्यात ही तिन्ही टाकली की चाचणी असून नसल्यासारखी.

कोणत्या दिवसाची अंडी मोजायची

औषध सुरू झाले तेव्हा ज्या अंड्यांना कवच चढलेले होते त्यांच्यात औषध फारसे उतरत नाही. त्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांची अंडी बऱ्यापैकी उबतात. ती एकूण सरासरीत मिसळली तर औषध उगाच कमकुवत दिसते. उलट टोकाला, औषध बंद केल्यावर मादी ते शरीरातून बाहेर टाकते आणि उबवण पुन्हा चढू लागते. ही चढण बघण्यासाठीच चौदा दिवस थांबायचे. दोन औषधांची उबवण पाचव्या दिवशी सारखीच खाली असेल, पण एकात ती नवव्या दिवशी वर येत असेल आणि दुसऱ्यात चौदाव्या दिवशीही येत नसेल, तर शेतात दोन फवारण्यांतले अंतर ठरवताना दुसरे औषध सरस. तेव्हा निकाल तीन तुकड्यांत द्या: दिवस १–२, दिवस ३–६ आणि दिवस ७–१४.

नराचा वाटा तपासायचा असेल तर चार जोड्या-प्रकार लावा: दोघे औषधाचे, फक्त मादी, फक्त नर, दोघे बिनऔषधाचे. या चाचणीत ७२ तास नर-मादी वेगळे ठेवून खाऊ घाला आणि मगच एकत्र आणा.

अंगावर लावून आणि खाद्यातून

भुंगा औषध नुसत्या स्पर्शाने किती घेतो हे बघायला शुद्ध क्रियाशील घटक ॲसिटोनमध्ये विरघळवून सूक्ष्म पिचकारीने १ मायक्रोलिटर पोटाच्या खालच्या बाजूला लावतात. थेंब याहून मोठा केला तर ॲसिटोननेच भुंगे मरतात. इथेही विद्राव्यतेची मर्यादा आहे: डायफ्लुबेन्झुरॉन ॲसिटोनमध्ये लिटरला सुमारे ६.५ ग्रॅम विरघळते, म्हणजे एका मायक्रोलिटरमधून ६.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त देताच येत नाही. त्यापुढच्या मात्रा कागदावर लिहिल्या तरी भुंग्यापर्यंत पोचत नाहीत. तुलना गट दोन ठेवा, एक फक्त ॲसिटोनचा आणि एक अगदी कोरा.

अळ्यांवरचा परिणाम कृत्रिम खाद्यातूनच बघावा लागतो. अगार घातलेले खाद्य ५० अंशांच्या खाली आल्यावर औषध मिसळा, नीट घोटा, कपात ओता, थंड झाल्यावर प्रत्येक कपात एक नवी अळी. सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी बघा. कायटिनरोधकात अळी जुन्या कातेत अडकून काळी पडते. बाल संप्रेरकाच्या नकलेत कोष आणि प्रौढ यांच्या मधलेच काहीतरी बेंगरूळ निपजते. ही माहिती उपयोगी आहे, पण शेतातली अळी पात्यात लपलेली असते हे विसरून खाद्याच्या निकालावर फवारणीची शिफारस करू नये.

गणित

आधी तुलना गट बघा. त्याची उबवण ७० टक्क्यांच्या खाली किंवा भुंग्यांची मर २० टक्क्यांच्या वर गेली असेल तर आकडेमोड न करता चाचणी पुन्हा लावा. सूत्राने अशी चाचणी सावरत नाही.

तुलना गट ठीक असेल तर ॲबट यांचे १९२५ चे सूत्र: १ वजा (औषधाच्या गटातली उबवण ÷ तुलना गटातली उबवण), गुणिले १००. समजा तुलना गटात ८५ टक्के आणि औषधात १२.५ टक्के अंडी उबली. घट झाली ८५.३ टक्के. पण अंडीही कमी पडली असतील तर जिवंत अळ्या मोजा: तुलना गटात मादीमागे ६० अंड्यांतून ५१ अळ्या, औषधात ४८ अंड्यांतून ६. घट ८८.२ टक्के. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दुसरा आकडा खरा.

एका मादीची ५० अंडी म्हणजे ५० नमुने नव्हेत, एकच नमुना. गटात १५ माद्या असतील तर नमुने १५. सगळी अंडी एका ढिगात टाकून ७५० नमुने दाखवले की किरकोळ फरकही ठळक ठरतो, आणि जाणकार परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतो. मादीनिहाय टक्केवारी काढा, किंवा मादीला यादृच्छिक घटक धरून द्विपद प्रतिमान बसवा. मध्यम परिणामकारक मात्रा (जिने निम्मा परिणाम होतो ती) काढायला प्रोबिट विश्लेषण चालते, पण त्यासाठी १० ते ९० टक्क्यांच्या मधले किमान तीन-चार बिंदू हवेत.

पिंजरा आणि शेत

प्रयोगशाळेत उतरलेले औषध आधी पिंजऱ्यात न्या. २ × २ × २ मीटरचा जाळीचा पिंजरा, आत पात्यांवर आलेली दहा झाडे, फवारणी, ती वाळल्यावर दहा जोड्या सोडायच्या. औषधाच्या प्रत्येक गटाला किमान चार पिंजरे. दर दोन-तीन दिवसांनी गळलेली पाती उचला, बुजवलेल्या भोकांची मोजा आणि डब्यात तीन आठवडे ठेवा. शेवटचा आकडा: अशा दर १०० पात्यांमागे किती नवे भुंगे निघाले. भोके पडलेल्या पात्यांची टक्केवारी इथे फसवते. वंध्य मादीही तितकीच भोके पाडते.

उघड्या शेतात छोटे वाफे निरुपयोगी आहेत. भुंगा उडतो; शेजारच्या वाफ्यातली सुपीक मादी तुमच्या औषधाच्या वाफ्यात अंडी घालून जाते. वेगवेगळी, एकमेकांपासून दूर असलेली शेते घ्या किंवा मोठे पट्टे घेऊन फक्त मध्यातली मोजणी करा. पहिली फवारणी पाते टाचणीच्या डोक्याएवढे असताना व्हावी, हिवाळा काढून आलेल्या माद्या पोसल्या जात असतानाच. अंडी पात्यांत गेल्यावर मारलेली फवारणी त्या पिढीला शिवत नाही. पहिले तीन आठवडे फरक दिसणार नाही हे शेतमालकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर दहाव्या दिवशी तो मॅलेथिऑनसारखे नेहमीचे कीटकनाशक मारून मोकळा होतो. ग्रँडल्युअरचे, म्हणजे नर भुंग्याच्या गंधाची नक्कल करणाऱ्या आमिषाचे, सापळे पाती येण्याआधी उपयोगी पडतात. पाती धरल्यावर त्यांतली आवक घटते, तिला औषधाचा गुण समजू नका.

अमेरिकेत जिवंत भुंगे एका राज्यातून दुसऱ्यात न्यायला कृषी खात्याचा पीपीक्यू ५२६ परवाना लागतो, आणि नोंदणी नसलेल्या वापराची चाचणी एकूण १० एकरांच्या पुढे गेली तर पर्यावरण संस्थेचा प्रायोगिक परवानाही. ब्राझीलमध्ये नोंदणी नसलेल्या औषधाच्या चाचणीला विशेष तात्पुरती नोंदणी लागते. चाचणीतली सरकी तेलघाणीला जाणार नाही याची सोय लावून ठेवा.

बेंझॉइल युरिया माणसाला फारसे विषारी नसले तरी कोळंबी, खेकडे, डॅफ्निया यांसारख्या कवचधारी जलचरांना अत्यंत घातक आहेत. उरलेले द्रावण आणि भांडी धुतलेले पहिले पाणी मोरीत ओतू नका. बंद कॅनमध्ये साठवून रासायनिक कचऱ्यात द्या. काचेची भांडी ॲसिटोनने विसळून मग साबणाने धुवा, प्लास्टिकच्या डब्या मात्र पुढच्या चाचणीला वापरू नका, तेलकट औषध त्यांच्या भिंतीत मुरून बसते. वापरलेली पाती, न उबलेली अंडी आणि उरलेले भुंगे पिशवीत बांधून उणे १८ अंशांवर किमान ४८ तास गोठवा आणि त्यानंतरच फेका.